डाव्या बाजूचं माप

डिचोलीच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. पंचवीस वर्षांत किती बायकांना टेप लावला, त्याची मोजदाद नाही. पण दोन्ही बाजू अगदी सारख्या असलेली बाई अजून माझ्या दुकानात आलेली नाही. कुणाची डावी भरलेली, कुणाची उजवी जरा खाली. आम्ही ते टक्समध्ये सांभाळून घेतो आणि तोंडातून ब्र काढत नाही.

मला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला. तो स्तन काढला, आणि दीड वर्षाने मी तिथे नवा करून घेतला. कॅन्सरबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. पण नवा करून घ्यायचा तर केवढा, हे विचारायला मला कुणी सापडलं नाही. आज त्या प्रश्नापाशी अडलेल्या बायकांसाठी हे लिहिते आहे. औषधांचं मला विचारू नका, त्यातलं मला कळत नाही. मापाचं कळतं असं वाटत होतं, तर तिथेच मी तोंडघशी पडले.

उसवलेली शिवण

डाव्या बाजूला ब्लाउज ओढल्यासारखा होऊ लागला तेव्हा मी काय केलं असेल? बगलेतली शिवण उसवली आणि अर्धा इंच सोडला. महिन्याभराने दुसऱ्या ब्लाउजचाही सोडला. गिऱ्हाइकाचा ब्लाउज एकाच बाजूने घट्ट झाला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. स्वतःला एकही विचारला नाही. शेवटी अंघोळ करताना गाठ हाताला लागली, तेव्हा कुठे डोळे उघडले.

रिपोर्ट सांगितला त्या दिवशी पणजीच्या हॉस्पिटलात माझे यजमान दत्ताराम माझ्याबरोबर होते. डॉक्टर बोलत होते आणि मी त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होते. पांढऱ्या शर्टाला कुणीतरी पिवळट दोऱ्याने बटण लावलं होतं. मला वाटत होतं, हे उठून नीट करून द्यावं. दत्तारामच्या हातात फाइल होती, ती उलटी धरली होती.

हे पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या तसा त्यांनी मालवाहू पिकअप घेतला, त्यातूनच आम्ही परत आलो. घराजवळ गाडी थांबवून ते म्हणाले, "खाण बंद जाल्ली तेन्नाय माका दिसलेलां, आतां सोंपलां म्हूण. पूण सोंपलां ना, आमी जगलों."

मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले. बरं वाटलं.

ऑपरेशन झालं, मग केमो. तो काळ मी लवकर उरकते, कारण तो सगळ्यांचा थोडाफार सारखाच असतो. केस गेले, तोंडाची चव गेली. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल सकाळी दारात यायची आणि गरम पोयीच्या वासाने मला मळमळायचं. चालायची ती फक्त पेज आणि तोर. माझी आई कोरगावची. काजूचा हंगाम ऐन भरात असताना बागायत सोडून ती माझ्याकडे येऊन राहिली आणि तोराच्या, म्हणजे मिठातल्या कैरीच्या, फोडी बोटाने चुरून पेजेत घालत राहिली. दुकान कस्तुरीने सांभाळलं. कस्तुरी मूळची बेळगावकडची, नवऱ्याच्या कामापायी इकडे आली, बारा वर्षं माझ्या दुकानात दुसऱ्या मशीनवर बसते. मला अक्का म्हणते आणि माझ्या चुका मोजून काढते.

चिंध्यांची गादी

केमो संपली, केस उगवले, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. मी दुकानात परत बसले. डाव्या बाजूला घालायला मी कापसाची आणि चिंध्यांची गादी शिवली होती. शिवणारी बाई ती, तयार वस्तू विकत कशाला घेईल? उभी असले की छान दिसायची. पण माझं काम उभं राहायचं नाही, वाकायचं आहे.

एका लग्नघरची बाई मुलीला घेऊन आली होती. मुलीच्या कमरेचं माप घ्यायला मी वाकले आणि उठले, तर गादी गळ्यापाशी आलेली. मुलीच्या आईने पटकन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली. दोन महिने आधीचं पान होतं ते. मी पाठ फिरवून गादी खाली ढकलली, माप लिहून घेतलं, त्या गेल्या. मग मी कस्तुरीला म्हटलं, "आजपासून माप तू घे."

दोन दिवस मी नुसती कापत बसले. तिसऱ्या दिवशी वाटलं, कॅन्सरने एक घेतलं ते घेतलं, आता धंदाही मी आपल्या हाताने द्यायचा की काय. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना नीट उभं केलं तिला स्वतःच्या दुकानात वाकता येऊ नये? मला परत निर्धास्त वाकायचं होतं. एवढंच हवं होतं, आणि ते मला फार हवं होतं.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "देवान जीव राखलो. परत कित्याक कातर लावन घेतस? ह्या वयार कोण बघतां?" तिला दुसऱ्या ऑपरेशनची भीती होती, ती तिने देवावर आणि वयावर घातली. दत्ताराम म्हणाले, "माका कायच फरक पडना गो. तूं आसस, तां पुरे."

हे वाक्य मायेनेच म्हटलेलं होतं. बाहेरच्या बाईने ऐकलं असतं तर म्हणाली असती, नशीबवान आहेस. पण मला राग आला. "तुमकां फरक पडतां काय म्हूण कोणें इचारलां?" मी म्हटलं. "फरक माका पडतां." तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसताना त्यांनी विचारलं, "पणजे केन्ना वचपाचां, डॉक्टराकडे?"

मापाचा ब्लाउज

प्लास्टिक सर्जन बाई वयाने माझ्याहून लहान, कोल्हापूरकडच्या, बोलायला साध्या. त्यांनी समजावलं ते असं: आधी सपाट जागी एक रिकामी पिशवी बसवायची. दर थोड्या दिवसांनी तिच्यात मीठपाणी भरायचं, म्हणजे कातडी हळूहळू सैल होते. जागा झाली की ती काढून कायमचं इम्प्लांट. उजवी बाजू वयाने उतरलेली, हवी असेल तर तीही त्याच वेळी जुळवून देता येईल.

"केवढं हवंय, काही विचार केलाय?" त्यांनी विचारलं.

मी तयारीनेच गेले होते. आमच्याकडे बाई नवा ब्लाउज शिवायला टाकते तेव्हा बरोबर मापाचा ब्लाउज आणते. "ह्याच मापाचा शिवा," म्हणते, आणि टेप लावून घ्यायची कटकट वाचवते. मीही पिशवीतून माझा जांभळा ब्लाउज काढला. अंगावर सगळ्यात छान बसलेला होता तो. टेबलावर पसरून म्हटलं, "ह्याच मापाचं करा."

डॉक्टर हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्यांनी ब्लाउज उलटसुलट पाहिला आणि माझ्या छातीची रुंदी एका चिमट्यासारख्या साधनाने मोजली. मग म्हणाल्या, "एवढं मोठं तुमच्या छातीच्या रुंदीत बसवायचं म्हणजे ते बगलेत जाईल, नाहीतर पुढे येईल. कातडीही पातळ आहे. मी याहून लहान सुचवीन. पण घाई नाही, घरी घालून बघा." नर्सने तीन आकडे लिहून दिले, लहान, मधला, मोठा, आणि पातळ मोज्यात तांदूळ मापून भरायची युक्ती सांगितली.

मी मनातून नाराज झाले. मला वाटलं, या पोरीला ब्लाउजमधलं काय कळतं.

उकड्या तांदळाचे आठ दिवस

घरात उकडाच तांदूळ होता. मोजे कशाला, मी अस्तराच्या कापडाच्या तीन पिशव्या शिवल्या, कटोरीच्या आकारात, कडेने बारीक टीप घालून. कस्तुरीने नर्सच्या आकड्यांप्रमाणे तांदूळ तोलून भरला. पहिल्याच दिवशी मोठी पिशवी घातली आणि आरशात बघून खूश झाले. दुपारपर्यंत खांद्यात कळ भरली. मशीनवर पुढे झुकले की पिशवी टेबलाच्या कडेला टेकायची. कस्तुरी म्हणाली, "अक्का, सोसवंना तर सांगा, त्याचाच भात टाकूया."

मी हट्टाने चार दिवस तीच घातली. पाचव्या दिवशी नर्सला फोन केला, की तुमचा मोठा आकडा भलताच मोठा वाटतो. ती म्हणाली, "मापलेला ना, की तोललेला?" तोललेला. आकडे मिलिलिटरचे होते, आम्ही ते ग्रॅम धरले; तांदूळ वजनाला हलका, तेवढ्याच वजनाचा घेतला की पिशवी जास्त फुगते. कस्तुरीने जीभ चावली. आम्ही सगळा तांदूळ ओतून काढला आणि औषधाच्या मापाच्या कपाने मोजून परत भरला. तरी मोठी ती मोठीच. मी म्हटलं, "सवय होईल."

तेव्हा कस्तुरीने हातातली सुई ठेवली. "अक्का, मघाशी ती साळ गावची बाई जुना ब्लाउज घेऊन आल्ती, तिला तुम्ही काय म्हणालासा?"

मला आठवलं. तिने काढलेला ब्लाउज हातात घेऊन मी म्हटलं होतं, "हा कधीचा? ह्या मापाची तू आता राहिलीस का?" रोज दोनदा तरी हे वाक्य माझ्या तोंडून जातं. बायका लग्नातला ब्लाउज आणतात, पहिल्या बाळंतपणाआधीचा आणतात, आणि मी त्यांची थट्टा करते. माझा जांभळा ब्लाउज बारा वर्षांपूर्वीचा होता.

मी आत गेले आणि तो घालून पाहिला. छातीचं सोडाच, मुंढ्यात हात जाईना. खांदा बदलला होता, पाठ बदलली होती. ज्या बाईच्या मापाचं मी मागत होते ती केव्हाच गेली होती. आजारपणाने नव्हे, तशीच, दिवसांमागून दिवस जातात तशी. मी स्टुलावर बसून भरपूर रडले. स्तन काढला तेव्हाही एवढी रडले नव्हते.

बाहेर आले तर कस्तुरीने दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं होतं आणि गळ्यात टेप घेतला होता. "उभ्या ऱ्हावा," ती म्हणाली. पंचवीस वर्षांत मला कुणी टेप लावला नव्हता. माझे ब्लाउज मी एकावरून एक कापत आले. कस्तुरीने पाठ, खांदा, मुंढा, छाती सगळं घेतलं आणि प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणून वहीत लिहिला, जशी मी कुठली तरी पहिल्यांदा आलेली बाई. डाव्या बाजूला सपाट होतं तिथेही टेप थांबवला नाही. आकडा सांगितला, लिहिला, पुढे गेली.

उरलेले तीन दिवस मी लहान आणि मधली पिशवी घातली. लहान घातली की अंग चोरून उभी असल्यासारखं वाटलं. मधली घालून वाकले, झुकले, कोनाड्यातलं अस्तर काढलं, दुपारी विसरूनही गेले की काही घातलंय. विसरायला झालं तेव्हाच ओळखलं, हे माझं.

डॉक्टरांना जाऊन सांगितलं, मधलं. आणि उजवी जुन्यासारखी नको, तिला थोडं उचलून याच्याशी जुळवा. त्या म्हणाल्या, "मी मनात हेच धरलं होतं. पण तुम्ही म्हणेपर्यंत थांबायचं होतं."

मीठपाणी

पिशवी बसवल्यावरचे तीन महिने सोपे नव्हते. पाणी भरून आलं की दोन दिवस छातीवर पाट बांधल्यासारखं घट्ट वाटायचं. कूस वळता यायची नाही. त्या दिवसांत दत्ताराम पणजीहून डिचोलीपर्यंत पिकअप इतका सावकाश चालवायचे की मागून बसवाले हॉर्न देऊन शिव्या घालायचे. ट्रकवाला माणूस, आयुष्यात कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं. आता काच खाली करून हात दाखवायचे, जा बाबा. एका खड्ड्यात चाक गेलंच तर मला "सॉरी" म्हणायचे. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

पाचव्यांदा पाणी भरताना डॉक्टर म्हणाल्या, "अजून थोडं जाईल. भरू?" मी खाली पाहिलं. कातडीत अजून जागा होती आणि माझ्या मनात लोभही होता, खोटं का बोलू. "पुरे," म्हटलं. तो शब्द उच्चारताना मला जे वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. दोन वर्षं माझ्या अंगाचं काय करायचं ते दुसरे ठरवत होते, बरं व्हावं म्हणूनच ठरवत होते. आणि आता माझ्या एका शब्दावर डॉक्टरच्या हातातली सुई थांबली.

पेनाच्या रेघा

शेवटच्या ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी मला आरशासमोर उभं केलं आणि जांभळ्या पेनाने अंगावर रेघा मारायला सुरुवात केली. मी घाबरले होते. पण खडूने कापडावर रेघ मारणारी बाई मी, नजर आपोआप रेघेवर गेली. डाव्या बाजूची खालची रेघ मला पटेना.

मग लक्षात आलं, चूक रेघेची नाही, माझी आहे. टेप लागला की प्रत्येक बाई पोट आत घेते आणि खांदे ताठ करते. मीही स्टुडिओत फोटोला उभी राहावी तशी राहिले होते.

"डॉक्टर, मी अशी उभी राहत नाही," मी म्हटलं. "मशीनवर बसून बसून माझा डावा खांदा खाली गेलाय. पंचवीस वर्षं मी तो ब्लाउजात दुरुस्त करतेय."

त्या दोन पावलं मागे सरकल्या. "मग रोजच्यासारख्या राहा बघू." मी श्वास सोडला, खांदा सोडला. त्यांनी डोकं तिरकं करून पाहिलं, कापसाने रेघ पुसली आणि बोटभर खाली नवी मारली. "आता?"

"आता बसली," मी म्हटलं. शेजारी उभी असलेली नर्स हसायला लागली आणि माझी भीती बरीचशी गेली. स्ट्रेचरवर झोपून आत जाताना मी छताकडे बघत होते आणि मला हसू येत होतं. दत्ताराम बाहेर उभे होते, त्यांना वाटलं औषधाचा अंमल सुरू झाला.

शुद्ध आली तेव्हा छाती बांधलेली होती आणि दोन नळ्या लटकत होत्या. नाश्त्याला उंडो पाव आणि चहा आला. केमोत ज्या पावाचा वासही नको व्हायचा तो मी चहात बुडवून सगळा खाल्ला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिचाही अर्धा दिला, तोही खाल्ला.

पट्टी सोडली त्या दिवशी मी आधी डोळे मिटले, मग उघडले. सुंदर होतं. दुसरा शब्द मला सापडत नाही आणि शोधायचाही नाही. व्रण आहे, लांबलचक आहे. त्या जागेला स्पर्श कळत नाही, अजूनही नाही, आणि तो येईलच असं डॉक्टरांनी कबूल केलेलं नाही. थंडीत ती बाजू थोडी गार लागते. दर थोड्या महिन्यांनी तपासणीला जावं लागतं आणि आदल्या दिवशी माझी सगळ्यांवर चिडचिड होते. हे सगळं खरं आहे. आणि दीड महिन्याने मी एका बाईच्या कमरेचं माप घ्यायला वाकले, उठले, आकडा सांगितला, कस्तुरीने लिहिला, हेही खरं आहे. बाई गेल्यावर कस्तुरीने चहा मागवला आणि आम्ही दोघी उगीचच मोठमोठ्याने बोलत बसलो.

आई बघायला आली. कोरगावहून फणस घेऊन आली आणि म्हणाली, "दाखय." दाखवलं. चष्मा पुसून तिने दोन्ही बाजू नीट पाहिल्या. "ती उजवी बरी केली गो तेणी," ती म्हणाली. "माजी कोणी करीत काय?" ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. आम्ही मायलेकी हसून हसून दमलो.

पेडण्याची बाई

गेल्या आठवड्यात पेडण्याहून एक बाई आली. चाळिशीची असेल. हातात कापडाची पिशवी, डोक्याला रुमाल. कापड काउंटरवर ठेवलं, पण मापाचं बोलेना. गिऱ्हाइकं गेली तेव्हा हळूच म्हणाली, "तुमी करून घेतलां म्हणान आयकलां. माका पुढल्या महिन्यात करूचां आसा. घोव म्हणता नाका, सासू म्हणता नाका, भयण म्हणता मोठां घे."

मी दार लावलं आणि ब्लाउजचे हूक काढले. अजून मला याची थोडी लाज वाटते, पण काढले. ती खूप वेळ बघत राहिली. "हात लावूं?" म्हणाली. "लाव." तिने आधी व्रणावर बोट ठेवलं, मग तळवा. मला तो कळला नाही, पण तिचा चेहरा कळत होता.

"कितीचां घेतलां तुमी?" तिने विचारलं. "माका तेवढांच सांगा. मी डॉक्टराक तोच आंकडो दितंय."

"माझो आंकडो तुका उपयोगाचो ना," मी म्हटलं. "तो माझ्या कामाचो. तुज्या दिसांत तूं किदें करतंस, तां बघ. तुका झाडार चडपाचां आसा, पोराक कडेर घेवपाचां आसा, का नुसतां आरशांत बघपाचां आसा, तां तूंच जाणा. कोणाकय विचारूं नाका. माकाय नाका."

मग तिने काउंटरवरचं कापड उचललं, घडी घातली आणि परत पिशवीत ठेवलं.

"ह्यां आतां शिवूं नाकात," ती म्हणाली. "आदी माका केवढां करूचां, तां मी ठरयतंय."